बदामाखालचा केर

ता. ४ नोव्हेंबर

ती. अक्काला,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. तुझ्या गुडघ्याचं विचारायचंय, पण आधी माझं ऐकून घे, नाहीतर माझं डोकं फुटेल.

बालवाडीच्या अंगणातलं ते बदामाचं झाड माझ्या मुळावर उठलंय. ताटाएवढाली लाल पानं. सातला खराटा धरते, आठला अंगण लख्ख, आणि नऊला बघावं तर कुणी झाडलंय असं वाटूच नये. त्यात यंदा छोट्या वर्गाला नव्या बाई आल्यात. वय पंचवीस आणि उत्साह पंचवीस जणींचा. मुलांना ऋतू कळला पाहिजे म्हणतात. म्हणजे काय, तर मी गोळा केलेला ढीग मुलांनी उधळायचा आणि वर गाणं म्हणायचं. गाणं संपलं की मुलं डबा खायला आणि मी परत खराट्याला. ऋतू त्यांचा, केर माझा.

खिडकीशी त्यांनी एक ऋतूंचं टेबल मांडलंय. त्यावर पानं, वाळक्या शेंगा, कसलंसं पीस, एक मेलेला भुंगा. शनिवारी वर्ग पुसताना मी ते सगळं केरभरणीत ओढलं आणि टाकलं. घाण दिसली की माझा हात थांबत नाही, तुला माहीत आहे. सोमवारी छोट्या बाई रडायच्या बेतात. म्हणाल्या, मावशी, तो मुलांचा ऋतू होता. मी म्हटलं, तुमच्या ऋतूला मुंग्या लागल्या होत्या. आपल्या लेकीची गुंडी त्याच वर्गात आहे ना, ती दोन दिवस माझ्याशी, आजीशी बोलली नाही. भुंगा तिनं नेला होता म्हणे.

आणि परवा तर कळसच झाला. झाडाखालच्या पायऱ्या मी नुकत्याच धुतल्या होत्या, अगदी चकचकीत. त्यावर लगेच चार पानं पडली आणि एक पोरगं घसरून आपटलं. गुडघा फुटला बिचाऱ्याचा. मग मात्र मी बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या बाईंकडे अर्ज दिला. माझं अक्षर तुला चालतं, कचेरीत कुठलं चालायला? म्हणून खालच्या शिंप्याकडून लिहून घेतला. झाडाचा काहीतरी बंदोबस्त करा, एवढंच सांगितलं होतं. त्यानं दोन कागद भरले. सही माझी.

लगेच उत्तर टाक. माझी कुरकुर पोटात घाल आणि माया ठेव.

तुझी,
धाकटी

ता. ११ नोव्हेंबर

चि. धाकटीला,
अ. आ.

पत्र मिळालं. गुडघा आहे तसाच आहे, तुझ्या स्वभावासारखा. औषधानं फरक नाही.

तू काही नवीन करत नाहीस. सात वर्षांची असताना बाबांच्या सदऱ्याचा खिसा साफ करून पेरायला ठेवलेलं भोपळ्याचं बी चुलीत टाकलं होतंस. त्या वर्षी वेल लागला नाही. तेव्हा त्या पोरीसारख्या बाईंची माफी माग आणि गुंडीला एक भुंगा शोधून दे. पन्नाशी आली तुझी, भुंग्यासाठी वाकलीस तर मोडणार नाहीस.

आणि एक विचारते. खराटा धरायला तू शिकलीस कुठे? बाबा अंगणात कडेकडेनं गोल गोल झाडत झाडाच्या खोडाशी यायचे, आपण दोघी मागून, आठवतं का? ढीग झाला की पहिली उडी कोणाची असायची? माझी नव्हे. रविवारी ते ढीग उचलायचेच नाहीत, दिवेलागणीपर्यंत तसाच ठेवायचे आपल्यासाठी. आपण उधळला की परत झाडायचे, आणि तेसुद्धा गुणगुणत. तुझं आणि त्यांचं काम एकच, मग तुझ्याच कपाळाला आठ्या का, ते मला कळत नाही.

शिंप्याकडून अर्ज कशाला लिहून घेतलास? तो मापापेक्षा दोन बोटं जास्तच धरणार. काय लिहिलंय ते वाचलंस तरी का?

रागावलीस तरी लिहीत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
अक्का

ता. १८ नोव्हेंबर

ती. अक्काला,
सा. न. वि. वि.

नव्हतं वाचलं. झालं तुझं समाधान?

शिंप्यानं लिहिलं होतं की झाड जीर्ण आहे, मुलांच्या जिवाला धोका आहे आणि एक बालक थोडक्यात वाचलं. अक्का, गुडघ्याला खरचटलं होतं गं, थोडक्यात कसलं वाचलंय! मंगळवारी दोन माणसं टेप घेऊन आली, खोडाला कवेत घेऊन मापलं आणि चुन्यानं पांढरा पट्टा मारून गेली. तीन डिसेंबरला, शनिवारी, झाड पाडणार. त्या जागी हिरवी प्लास्टिकची सतरंजी. ना पान, ना माती. छोट्या बाई मोठ्या बाईंच्या खोलीतून लाल डोळ्यांनी बाहेर आल्या, मला बघितलं आणि सरळ वर्गात गेल्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. शिपायापासून सगळ्यांनी या मावशींचा आदर्श घ्यावा म्हणे. वीस वर्षांत पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या आणि त्या ह्या कामाला! मी मान खाली घालून उभी. मुलांना वाटतंय झाडाला नवा पट्टा घातलाय, नटवलंय. मग गुंडीनं घरी विचारलं की पुढच्या वर्षी टेबलावर पानं कुठून आणायची. मी म्हटलं, जेव आधी.

शिंप्याकडे गेले. म्हटलं, घे तो अर्ज मागे. तो म्हणाला, शिवण उसवून देईन, पण सही केलेला कागद माझ्या हातात नाही. आणि वर हसला.

शिवाय दोन तारखेला घरोघरचा दिवस आहे. प्रत्येक घरानं यायचं आणि आपल्या घरात काय करतात ते मुलांना दाखवायचं. कुणाचे आजोबा टोपली विणणार, कुणाची आई पीठ मळणार, एकाचा बाप सायकलचं पंक्चर काढणार. आपल्या लेकीला रजा नाही. आणि गुंडीनं परस्पर सांगून टाकलं की आमच्या घरात झाडतात, माझी आजी दाखवेल. शरमेनं मेले. रोज त्याच अंगणात झाडते, त्यात दाखवायचं काय? आणि कुठलं झाडणार, दुसऱ्या दिवशी तर झाडच जाणार!

तू मला बोलू नकोस. आधीच सगळे न बोलता बोलतायत. एवढा लोभ कर.

तुझी,
धाकटी

ता. २३ नोव्हेंबर

चि. धाकटीला,
अ. आ.

बोलणार. मी नाही तर कोण बोलणार?

तुझं पहिलं पत्र काढून परत वाचलं. तूच लिहिलंस की पायऱ्या नुकत्याच धुतल्या होत्या. ओल्या पायरीवर पोर घसरलं, धाकटे. पान नसतं तरी घसरलं असतं. पायरी ओली कोणी केली? मुलं यायच्या वेळेला पाणी ओतायला कोणी सांगितलं होतं? तुझ्या पाण्याचा आळ तू झाडावर घातलास. तुला हे तेव्हाच कळलं होतं. नाहीतर चकचकीत हा शब्द कशाला लिहिला असतास?

आता अर्ज तू लिहायचा. शिंपी नाही, जावई नाही, तू. वेडंवाकडं अक्षर राहू दे, चौथीपर्यंत शिकलीयस तेवढं पुरे. काय झालं ते लिही आणि हातात नेऊन दे. नोकरीचं काय होईल ते मला सांगता येत नाही. गेली तर इकडे ये, माझं अंगण पडलंय. पण एवढं केल्याशिवाय मला पत्र टाकू नकोस, मी फोडणार नाही.

रागानं लिहिलंय. मायेनं वाच.

तुझी,
अक्का

ता. ५ डिसेंबर

ती. अक्काला,
सा. न. वि. वि.

फोड पत्र. दिला अर्ज.

चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं की पायरी मी धुतली, वेळ चुकीची होती, पोर पाण्यावरून घसरलं, झाडाचा दोष नाही, शिंप्याचं खरं धरू नये. गुरुवारी सकाळी नेऊन दिला. मोठ्या बाईंनी उभ्यानं वाचला, मग खुर्चीत बसून परत वाचला. विचारलं, म्हणजे मी टाळ्या वाजवल्या तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं? हो म्हटलं. त्या पोराच्या आईला बोलावणं गेलं, तिनं मला फैलावर घेतलं ते घेतलंच. माझा कागद फायलीत लागलाय. परत अशी चूक झाली तर घरी. पायऱ्या मुलं गेल्यावर धुवायच्या. करवतवाल्यांना फोन गेला, आता पन्हाळीवर येणारी एक फांदी तेवढी छाटणार. पांढरा पट्टा तसाच आहे, तो खरवडायलाही मलाच सांगितलंय.

छोट्या बाईंना सांगितलं, चुकलं माझं. त्यांनी माझा हात धरला आणि लगेच विचारलं, मग उद्या झाडताय ना? आजकालच्या पोरींना नीट रागावता पण येत नाही.

तर शुक्रवारी झाडलं. सगळे गोल करून उभे. मी म्हटलं, कडेनं सुरू करायचं, झाडाकडे पाठ करायची नाही, माझे वडील असंच करायचे. गुंडी छोटी झाडणी घेऊन पुढे, आणि दरडावते कशी! मी सांगेपर्यंत कुणी उडी मारायची नाही, जो मारेल त्याला मी केरात टाकीन. लोक म्हणाले, अगदी आजीवर गेलीय. ढीग कमरेएवढा झाला. मग मी बाबांचं सांगितलं, रविवारचा ढीग दिवेलागणीपर्यंत ठेवायचे ते. गुंडीनं वर बघून विचारलं की पहिली उडी कोण मारायचं.

पुढे काय झालं ते विचारू नकोस. कंबर धरलीय, एवढंच लिहिते.

ढीग मी संध्याकाळी पाचपर्यंत ठेवला. पण हे काय जगणं आहे? मोठ्या बाई म्हणतात, झाड ठेवलंय तुमच्या शब्दावर, अंगणात एक पान दिसता कामा नये. छोट्या बाई म्हणतात, मावशी, एक पानसुद्धा उचलू नका, मुलं येऊ देत. आज सकाळी दोन टोपल्या भरल्या, तीन परत पडल्या. मी वैतागलेय, अक्का. वैतागून गुणगुणत होते असं शिपाई म्हणतो. तो काहीही बोलतो.

आता तरी चांगलं लिही. उरलीसुरली माया पुढच्या पत्रात घाल.

तुझी,
धाकटी

ता. क. : सोबत एक पान आहे, गुंडीनं तुझ्यासाठी निवडलंय. टाकायचं नाही, असं तिनं बजावलंय. मातीनं भरलं होतं, म्हणून मी धुऊन पाठवतेय.