पिशवी नंबर दोन

सोमवार, ३ जून

फोन मिळाला! चालू आहे, पण कुलूप लागलेलं. लगेच पिशवीत घातला — तोंडाला दोन घड्या, चिकटपट्टी, सही, वेळ. या पिशवीच्या आत सिग्नल शिरत नाही आणि आतला बाहेर जात नाही. पिशवी नंबर दोन. नंबर एक साहेबांनी गेल्या वर्षी तळ्यावरून सुके मासे आणायला नेली होती! आतलं जाळीचं अस्तर फाटलं, वास अजून मारते. म्हणजे आता सगळ्या जिल्ह्यात मिळून ही एकच.

फोन लुसुंगु म्हांगोचा. वय चोवीस, भाड्यानं सायकलवरून माणसं सोडतो. त्याची बहीण तेम्वा, पंधरा वर्षांची, आठ दिवसांपासून बेपत्ता. पोर जन्मापासून पांढरी, केस मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखे. अशा पोरांच्या हाडांना आमच्याकडे जादूटोण्यासाठी गिऱ्हाईक असतं, आणि विकणारा बरेचदा घरातलाच निघतो. साहेब, म्हणजे इन्स्पेक्टर चिसाले, म्हणतात भावानंच सौदा केला, सगळं या फोनमध्ये असणार.

सहाला घरी निघण्याआधी चाचणी. माझ्या फोनवरून त्याला मिस्ड कॉल दिला. ‘संपर्क होऊ शकत नाही.’ म्हणजे पिशवी पक्की.

मंगळवार, ४ जून

नवीन शिपाई पिशवीला शवपेटी म्हणतात. एवढी भानगड कशाला, असं एकानं विचारलं. त्याला गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. जप्त केलेला फोन मी नुसता टेबलावर ठेवला होता. आरोपीच्या मेव्हण्यानं कुठून तरी लांबून हुकूम सोडला, आणि माझ्या डोळ्यांदेखत फोन कोरा झाला. आरोपी सुटला. मेलेल्या पोराची आई बाजारात दिसली की मी अजून रस्ता बदलते.

परत नाही. निदान माझ्या हातून नाही.

सहाला चाचणी. ठीक.

गुरुवार, ६ जून

कोठडीत लुसुंगुला न्सिमा, मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, द्यायला गेले. ताट घेतलंच नाही. म्हणाला, “ताई, फोन उघड्यावर ठेवा. तेम्वा मिस्ड कॉल देईल.”

मग सगळं सांगितलं. महिनाभर काही माणसं घराभोवती घिरट्या घालत होती. म्हणून बाजाराच्या दिवशी त्यानं तिला ओळखीच्या एका बाईबरोबर ट्रकमध्ये बसवून दिलं, दक्षिणेकडे. कुठे ते बाईला विचारलंच नाही — माहीत नसलं की मार खाऊनही सांगता येत नाही. आईकडे फोन नाही. तेम्वाला पाठ असलेला नंबर एकच, त्याचा. कुणाचा तरी फोन मागून संध्याकाळी मिस्ड कॉल द्यायचा असं ठरलंय. एकदा दिला तर बरी आहे. ओळीनं तीनदा दिला तर ये, मला घेऊन जा.

पोलिसांना का नाही सांगितलंस, मी विचारलं.

“सांगितलं असतं तर आधी कुणाला कळलं असतं, ताई?”

प्रत्येक आरोपीकडे एक गोष्ट असते. पण हा रडला नाही, म्हणून डोक्यातून जात नाही.

सहाला चाचणी. ठीक.

शुक्रवार, ७ जून

साहेबांना विचारलं, सिम काढून दुसऱ्या फोनात घालू का? हसले. एवढी शिकलेली सार्जंट आणि पोरानं तुला दोन मिनिटांत गुंडाळलं! तीनदा मिस्ड कॉल म्हणजे साथीदाराची खूण असेल, पुरावा जाळल्याची. आणि सिम काढायचं तर पिशवी उघडावी लागणार. लॅबचं पत्र स्पष्ट आहे — आम्ही बोलावेपर्यंत हात लावू नका. फोन कंपनीकडे कॉलची यादी मागितली आहे, त्याला उत्तर नाही.

हे सगळं मीच सगळ्यांना शिकवलंय. आता कुठल्या तोंडानं उघडू?

सोमवार, १० जून

नऊ तास वीज नाही. बंद पिशवीत फोन सिग्नल शोधून शोधून दमतो, बॅटरी भराभर उतरते. एकदा बंद पडला तर कुलूप आणखी घट्ट बसेल. पिशवीच्या बाहेर आलेल्या तारेला माझी पॉवर बँक लावली. ती भरायला दोनदा न्हाव्याकडे जावं लागलं — त्याच्याकडे छपरावर सौर पत्रा आहे. न्हावी म्हणाला, सार्जंट, पोटच्या पोराला पाजावं तसं चाललंय तुमचं! हसले. पण खरंच तसं झालंय.

शुक्रवार, १४ जून

न्यागोंडवे आली होती — त्या दोघांची आई. सकाळपासून ठाण्याबाहेर पपईच्या झाडाखाली बसून. संध्याकाळी मी बाहेर आले तशी गुडघ्यांवर बसली, मोठ्यांपुढे बसतात तशी. माझ्या आईच्या वयाची बाई!

“बाळा, एकदा उघड ती पिशवी. एकदाच. पोराला माझ्या काय करायचं ते नंतर करा.”

मुद्देमालाच्या खोलीत गेले, दार लोटलं. सहाला पाच मिनिटं होती. चिकटपट्टीची कड नखानं उचललीसुद्धा. मग ती बाजारातली बाई आठवली. फोन कोरा होतानाचा तो पांढरा पडदा आठवला. पट्टी पुन्हा दाबली. चाचणी केली, रजिस्टरात सही केली, बाहेर येऊन म्हणाले, “कायद्यात बसत नाही, आई.”

ती उठली, गुडघे झटकले, गेली. मला स्वतःची किळस आली. आणि तरी उघडली नाही हे बरंच झालं. दोन्ही खरं.

सोमवार, १७ जून

चाचणी. ठीक.

रविवार, २३ जून

लॅबनं बोलावलं! उद्या जीपनं फोन राजधानीत, लिलाँग्वेला जाणार. आज शेवटची चाचणी. एकवीस दिवस, एकवीस मिस्ड कॉल, एकदाही आत रिंग वाजली नाही. खरं लिहायचं तर अभिमान वाटतो.

मंगळवार, २ जुलै

लॅबमधल्या म्बेवेचा फोन. सगळं जसंच्या तसं मिळालं! त्यात एका माणसाचे मेसेज आहेत — बहीण देतोस का, किती घेशील. आणि लुसुंगुचं उत्तर: पुन्हा विचारलंस तर तुझ्या दारात येऊन तुला चिरीन. ट्रकवाल्या बाईचेही मेसेज आहेत, पोर बसली म्हणून. तिचा नंबर आता बंद लागतो.

त्या माणसाला दुपारी उचललं, लुसुंगुला सोडलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. म्हणाले, तुझ्या पिशवीनं माणूस वाचवला. मी रडले, लाजही वाटली नाही.

लुसुंगु आभार मानायला थांबला नाही. एवढंच विचारलं, “सिम कुठे आहे?”

मी म्बेवेला सांगितलं, काम झालं असेल तर ते सिम दुसऱ्या फोनात घालून बघ.

बुधवार, ३ जुलै

म्बेवेनं सिम घातलं. फोन संपर्काबाहेर असताना कोणकोण कॉल करत होतं, त्याचे कंपनीचे मेसेज एकामागून एक आले. तो वाचत गेला, मी लिहून घेत गेले. रोज संध्याकाळी सहाला माझा नंबर. मग काही मिनिटांनी एक परका नंबर, परदेशातला. पाच तारखेला एकदा. सहा तारखेला एकदा. नऊ तारखेपासून रोज ओळीनं तीनदा. माझा, मग ते तीन. माझा, मग ते तीन. चौदा तारखेला सहा वाजून चार मिनिटांनी, तीन.

सोळा तारखेपर्यंत. सतरापासून फक्त माझा.