वन्संचं सामान आणि रविवारचा टेम्पो

तीर्थस्वरूप वन्संना,

भावजयीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (खाली वाकण्याइतकी मोकळी जमीन सध्या आमच्या घरात नाही, म्हणून पत्रातूनच वाकते). तुमची कंबर, भाऊजींचा खोकला आणि भिंतींचा नवा रंग, सगळं ठीक असेल अशी आशा करते. इकडे देवाच्या कृपेने आम्ही सगळे जागच्या जागी आहोत. हलायला वावच नाही, तर जाणार कुठे?

फोन करायचा सोडून हिने पत्र का लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. एक तर फोनवर तुम्ही माझं वाक्य मला संपवू देत नाही (राग मानू नये, थोरांचा तो हक्कच आहे). शिवाय आमच्या या दोन खोल्यांत काही बोललं की ते आईंच्या कानावर जातंच. पडल्यापासून त्यांचा पाय रुसला आहे, पण कान दुप्पट झाले आहेत. आणि विषय त्यांचाच. तुमचं घर रंगवून झालं, येत्या रविवारी टेम्पो येऊन तुमचं व्यायामाचं सगळं सामान घेऊन जाईल आणि मागोमाग गाडीतून आईही कायमच्या तुमच्याकडे येतील, असं तुम्ही यांना कळवलंत. हे "बरं" म्हणाले. (तुमचे बंधू सगळ्यालाच "बरं" म्हणतात. मला बघायला आले होते तेव्हाही एवढंच म्हणाले होते.) तुमचं म्हणणं रास्तच आहे. तुमचं घर तळमजल्यावर, आमचं तिसऱ्यावर. तुमच्याकडे एक खोली रिकामी, आमच्याकडे एक खुंटीसुद्धा रिकामी नाही. हाड जुळलंय, आता चालणं त्यांच्याच मनावर आहे, असं डॉक्टरांनी सांगूनही आई पलंगावरून खाली पाय टाकायला तयार नव्हत्या. अशा माणसाला तीन जिन्यांवर कोंडून ठेवायचं म्हणजे पापच. मला सगळं पटतं. तेव्हा आईंबद्दल मी काहीच लिहीत नाही, फक्त सामानाबद्दल लिहिते.

"चार दिवस सांभाळ गं" म्हणून रंगकाम होईपर्यंत तुम्ही सामान पाठवलंत, त्या दिवशी मी देवापुढे जास्तीचा दिवा लावला, कारण चालण्याचा तो विजेवरचा पट्टा काही केल्या जिन्याच्या वळणावरून वर येईना आणि हमालांनी तो परत नेला. जागचं न हलता चालायचं आणि त्यासाठी वीज जाळायची, हे माझ्या बुद्धीच्या पलीकडचं आहे. बाकीचं मात्र सगळं वर आलं. कुठेही न जाणारी सायकल, लोखंडी डंबेलची जोडी, रबरी पट्टे, गुंडाळायची चटई आणि तो भला मोठा निळा चेंडू, ज्यावर म्हणे माणसं बसतात. एका जागी एका वेळी दोन वस्तू राहू शकत नाहीत, असं आम्हाला मॅट्रिकला शिकवलं होतं. मी ते परीक्षेत लिहिलंही होतं आणि त्याचे पूर्ण मार्क मिळाले होते, त्यामुळे त्यावर माझा विश्वास आहे.

घरातल्या ज्या वस्तूने जागा खाल्ली तिने काम केलं पाहिजे, असा माझा नियम आहे (तो यांनाही लागू आहे). म्हणून चटई देवापुढे घातली. गुडघे इतके सुखावले की माझी प्रार्थना आपोआप लांबली. हिला आज जास्तीचं काय हवंय, असा देवालाही संशय आला असेल. एक डंबेल स्वयंपाकघराच्या दाराला लावलं, दुसरं पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवलं. रबरी पट्टे जोडून कपडे वाळत घालायची दोरी केली, ती मात्र चूक झाली. यांची ओली पँट टाकल्यावर दोरी जमिनीला टेकली, आणि वाळल्यावर मी पँट काढली तशी दोरी सटकन वर गेली आणि उरलेले कपडे खिडकीतून हवा खायला निघाले. सगळे परत मिळाले, यांचा एक मोजा तेवढा बेपत्ता झाला. इकडे तुमच्या बंधूंना पिठाच्या डब्यावरचं डंबेल खुणावायला लागलं. "लहानपणी मी ताईला उचलायचो," असं म्हणून त्यांनी ते उचललं (वन्सं, तुम्ही तेव्हा हलक्या असाल), आणि तसेच वाकलेले राहिले. नशिबाने आईंना व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्याच दिवशी यायच्या होत्या. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या होत्या, बाईंचा वेळ फुकट जात होता, तो यांच्या पाठीला लावला. बाईंची एकही फेरी मी वाया जाऊ दिलेली नाही.

चेंडूचं काय सांगू! त्यातली हवा काढावी तर परत भरायचा पंप तुमच्याकडे. कपाटावर ठेवला तर पंखा लावला की खाली येऊन ज्याच्या त्याच्या डोक्यावर बसायचा. शेवटी त्याला न्हाणीघर दिलं. आंघोळीला कोणी गेलं की चेंडू बाहेर, आंघोळ झाली की आत, अशी त्याची सोय लावली. एकदा हे दाढीचा फेस लावलेल्या तोंडाने चेंडू बाहेर काढत असताना दूधवाल्याने दार वाजवलं. मी दार उघडलं आणि चेंडू दूधवाल्याच्या बगलेखालून जिन्याला लागला. मागे हे, तसेच, फेसासकट. तीन जिने उतरून चेंडू गल्ली ओलांडून समोरच्या शिंपीणबाईंच्या दुकानात शिरला. त्यांनी तो पायाने अडवला (तोंडात टाचण्या होत्या, त्या हातात असत्या तर चेंडू वाचला नसता). मग त्या स्वतः वर आणून द्यायला आल्या आणि जाताना आईंच्या खोलीत डोकावल्या. आई भिंतीकडे तोंड करूनच होत्या. मग शिंपीणबाई खाली गेल्या.

आता सायकल. ती बाहेरच्या खोलीत ठेवली तर दार अर्धंच उघडायचं आणि यांना कामावर तिरपं जावं लागायचं. धूळ बसू नये म्हणून मी तिच्यावर जुनी चादर घातली, तर यांनी चष्म्याशिवाय तिला "कधी आलात?" असं विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून अपमान मानून घेतला. देवाच्या कोनाड्याखाली ठेवली तर नमस्कार करताना कपाळाला पायडल लागायचं, आणि बघणाऱ्याला वाटायचं मी सायकललाच पुजते आहे. राहता राहिली ती आईंच्या खोलीतली खिडकीपुढची जागा. तिथे ठेवली. मोजून मापून बसली.

पण वन्सं, मी एक विसरले. आई भिंतीकडे तोंड करतात ते फक्त कोणी खोलीत आलं की. एरवी त्या उशीला टेकून खिडकीतून गल्ली बघत असतात. शिंपिणीकडे कोण आलं, कोण किती वेळ बसलं, कोणाचं माप वाढलं, हे सगळं त्यांना तिथून कळायचं. आता त्यांना दिसत होती सायकलची बैठक. "माझी गल्ली बंद केलीस तू," आई म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हीच जागा सांगा, लगेच हलवते." त्यांनी डोळे मिटून सगळं घर मनात फिरून बघितलं असावं, कारण बऱ्याच वेळाने "हं" एवढंच म्हणाल्या. पुढचे काही दिवस त्यांची नुसती तगमग चालली होती. रोज मला विचारायच्या, "समोर आवाज कसला गं?" मी कणिक मळता मळता सांगायचे, "काही नाही हो." (काही असलं तरी हात पिठाचे, कोण बघणार?)

आणि एका दुपारी मी खोलीत गेले तर पलंग रिकामा! आई सायकलवर. एका हाताने खिडकीचा गज धरलेला, मान लांब केलेली. मी धरायला हात पुढे केले. त्यांनी मागे न बघताच सांगितलं, "त्याचा मोजा शिंपिणीच्या पाटीवर लटकतोय. आणि तू अशी उभी राहू नकोस, मी पडणार नाहीये." मी दारामागे जाऊन रडून घेतलं (मोज्यासाठी नव्हे).

त्यानंतर रोजचं झालं. सायकलवर बसल्यावर पाय कुठेतरी ठेवावे लागतात, ते पायडलवर गेले. पायडल आपलं थोडं थोडं फिरायला लागलं. एक दिवस शिंपीणबाईंनी खालून बघितलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय आजी, कुठे निघाली स्वारी?"

"तुझ्याच दुकानात! पडायच्या आधी कापड दिलंय, शिवलंस की नुसती दात काढतेस?"

"तुम्ही पोहोचाल तेव्हा तयार असेल!"

"मग बस तिथेच. आलेच मी!"

गल्लीत सगळे हसले. आई हसल्या नाहीत. त्यांनी असं काही पायडल मारलं की गजावरची चिमणी उडाली. व्यायामाच्या बाई पुढच्या खेपेला आल्या आणि दारातच थबकल्या. "हे कोणी सुचवलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "जागेने."

एक गोष्ट तुम्हालाच सांगते, पोटात ठेवा. कापड केव्हाच शिवून झालं आहे. शिंपीणबाई ते वर आणून देणार होत्या, मीच हात जोडले आणि म्हटलं, थोडं थांबा. आता आई रोज विचारतात आणि त्या रोज "बाही राहिलीय" म्हणतात. खोटं बोलणं पाप आहे हे मला कळतं, पण खोटं त्या बोलतात, मी नुसती विनंती केली आहे. देवाच्या वहीत दोन्हीची पानं वेगळी असतील अशी माझी समजूत आहे. काल आई भिंतीला धरून दाराबाहेर गेल्या, जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "शिंपिणीचं दुकान काही लांब नाही. हा जिना तेवढा मध्ये येतो." आणि परत आल्या. एकट्या.

असो. मी आईंबद्दल लिहिणार नव्हते. आमचं घर लहान आहे हे खरं, आणि तुमच्याकडे त्यांना कशाला कमी पडणार नाही हेही खरं. मला आपलं एवढंच वाटतं की रोज संध्याकाळी माझा हिशेब आई तपासतात आणि एक तरी चूक काढतातच. (एखाद्या दिवशी चूक नसली तर मी एक घालून ठेवते, नाहीतर त्यांना चैन पडत नाही.) त्या गेल्यावर मी चुका कोणासाठी करायच्या? पण हा माझा प्रश्न झाला. सामानाने मात्र जीव नकोसा केला आहे, तेव्हा टेम्पो रविवारी जरूर पाठवावा. आईंची बॅग आज भरून ठेवते. भाऊजींना नमस्कार, खोकल्याला थंड पाणी देऊ नये.

तुमची, जागेअभावी थोडक्यात आवरणारी,
धाकटी भावजय

ता. क. पत्र काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी बघते तर आईंची मी भरलेली बॅग रिकामी, आणि सगळे कपडे परत कपाटात, खालच्या कप्प्यात. मी लावले नाहीत. हे लावत नाहीत, त्यांना कपाट कुठे आहे हेच नीट माहीत नाही. आणि टॉवेलची घडी तिहेरी घालणारं घरात एकच माणूस आहे. कपाट पलंगापासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि खालच्या कप्प्यासाठी वाकावं लागतं, हे आपलं तुमच्या माहितीसाठी.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी आईंनी पत्र वाचून दाखवायला लावलं. मी कापडाचा भाग गाळून पुढे गेले, तर म्हणाल्या, "मधलं पान खाल्लंस का?" मग सगळं वाचावंच लागलं. मी डोळे मिटून बसले. त्या म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती बाई बाहीला इतका वेळ लावणारी नाही. पण ती एवढं नाटक करतेय, तुम्ही दोघी एवढ्या धडपडताय, मला अर्ध्यात सोडवेना. तिला सांग, मी येईपर्यंत बाही राहू दे." आणि तुम्हाला निरोप दिला आहे: "लेकीच्या घरी मी येणार. पण पाहुणी म्हणून, आणि जिना उतरून, माझ्या पायांनी."

शेवटचं ता. क. तर वन्सं, सामान न्यायला टेम्पो पाठवू नका. पण तुम्ही त्याची आगाऊ रक्कम दिली असणार, आणि ती बुडवायची म्हणजे माझ्या जिवाला लागेल. म्हणून टेम्पो येऊच द्या. येताना त्यात तो चालण्याचा पट्टा तेवढा चढवा (व्यायामाच्या बाई म्हणतात, आता त्याचीच वेळ आहे), आणि चेंडूचा पंप. जिन्याच्या वळणाचं आम्ही माप घेतलं आहे, कठड्याची लाकडी पट्टी काढली की पट्टा उभा येतो. सुतार काढून देणार आहे. विजेचं मी बघते, दुपारचा पंखा बंद करीन. ठेवायचा कुठे, तर आमचा दोघांचा पलंग काढून. चटई आहेच, बरीच मऊ आहे. यांना विचारलं, हे "बरं" म्हणाले. मॅट्रिकला शिकवलेलं सगळंच काही खरं नसतं.