नायिकेला जाग येते

३ जून, मंगळवार
आजपासून माझं लेखन वेगळ्या लेव्हलला. आमच्या यूट्यूब सिरियलची नायिका हडपसरला पोळीभाजी केंद्र चालवते. आजच्या भागात मी ते जाळलं. धूर, किंकाळ्या, आणि ती दचकून उठते. स्वप्न! युनिट गार.

माझी असिस्टंट निकिता म्हणाली, स्वप्नातून उठल्यावर माणसात काहीतरी बदलायला हवं, नाहीतर बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. गुणी मुलगी आहे. शिकेल.

५ जून
कमेंट्सच कमेंट्स. बहुतेक सगळ्यांनी लिहिलंय, 'फसवलंत.' म्हणजे ट्विस्ट बसला.
संकल्प: स्वप्न हे मिठासारखं. आता महिनाभर वापरायचं नाही.

१० जून
नायिकेचा नवरा, म्हणजे आमचा श्याम, दुसऱ्या शूटिंगसाठी दाढी वाढवून आला. इलाज नव्हता. दाढीवाला नवरा स्वप्नात टाकला. त्यातून ती उठते, तर तेही स्वप्नच. डबल! श्यामने विचारलं, सध्या आपलं लग्न झालेलं आहे की नाही. म्हटलं, दोन्ही शक्यता डोळ्यांत ठेव.

१२ जून
संकल्प मोडलेला नाही. ते स्वप्न नव्हतं, स्वप्नातलं स्वप्न होतं. कॅटेगरी वेगळी.

१७ जून
व्ह्यूज घसरलेत. लोक नुकते सुट्टीवरून परतलेत, बॅगा रिकाम्या करत असतील.
बायको कल्याणी आज पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसून भाग बघत होती. नायिकेला ट्रकने उडवलं तरी कल्याणी शांतपणे भेंडी चिरत राहिली. विचारलं तर म्हणाली, "उठेल की आत्ता."
उठलीच. प्रेक्षक किती तयार केलाय मी!

२० जून, दुपारी
निर्माते रंगराव यांचा मार्केट यार्डात कांद्याचा व्यापार. गाळ्यावरच बोलावलं. म्हणाले, लेखकसाहेब, माझा कांदा नासला तर मला गिऱ्हाइकाला ते स्वप्न होतं असं सांगता येत नाही.

मी जागच्या जागी उपाय दिला. आतापर्यंतचं सगळंच स्वप्न ठरवायचं!

"तुम्ही लिहिलेलं सगळं?"

म्हटलं, अगदी पहिल्या भागापासून. रंगराव पहिल्यांदाच मनापासून हसले. चहा मागवला. लिहायचं काम निकिताला दिलं आणि मला आराम करायला सांगितलं. मोठे लेखक फक्त कल्पना देतात.

२४ जून
नवा भाग कल्याणीबरोबर पाहिला. नायिका पहाटे उठते. जिच्याशी वर्षभर अबोला, त्या बहिणीला फोन लावते. म्हणते, "स्वप्नात केंद्र जळत होतं, आणि मी तुलाच हाका मारत होते."

कल्याणीने डोळे पुसले. मीही चष्मा काढला.

बहीण विचारते, अजून काय पाहिलंस?

"आठवत नाही गं. पण लांबलंच फार."

कल्याणी रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "लेखक बदललाय का रे?"

मी म्हटलं, हो.