छत्र धरणाऱ्याने बोलायचं नसतं

तीर्थरूप अण्णा,

पत्र असं सुरू करायचं, एवढंच शाळेतून माझ्यासोबत आलं. बाकी सगळं नापास होऊन तिथेच ठेवून आलो. गेलेल्या माणसाला तीर्थरूप लिहितात की नाही, ते बाईंनी शिकवलं असेल. मी बहुतेक त्या दिवशी खेकडे पकडायला गेलो होतो.

आज शुक्रवार, सुट्टी. सलमाबादची आमची खोली, बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन. शाजीने आत दोरीवर कपडे टाकलेत, त्यातलं पाणी माझ्या गादीवर टपकतंय. शाजी म्हणजे माझा कामावरचा जोडीदार, केरळचा. झोपावं म्हटलं तर झोप येत नाही, कारण सकाळी फोन आला.

"दिगंबर, राजवाड्यावरून बोलतोय."

मी ताडकन उभाच राहिलो! इथे बहरीनमध्ये राजवाड्यावरून फोन म्हटल्यावर काय होणार? मग खोकला ऐकला आणि कळलं, हे आपले राजेसाहेब.

शाजी घाबरून विचारतो, "कौन है? पुलिस?"

"नहीं रे, राजा।"

"कौन सा?"

"हमारा. गाँव का."

"तेरे पास भी एक है?" म्हणाला आणि गादीवर पडून हसला लेकाचा.

राजेसाहेब विचारत होते, दसऱ्याला येतोस का? तुमचं वर्षश्राद्ध झालं, हा पहिला दसरा. त्यांच्यावर छत्र धरायला आपल्या घरातलं कोणी उभं राहिलं नाही, तर रिवाजाप्रमाणे मान आपल्या घरातून जाणार. कायमचा. आणि सुपरवायझरला सुट्टीचं उद्या सांगायचंय. सुट्टी एकदाच मिळणार, दसऱ्याला घेतली की पुढे ताईचं लग्न फोनवर बघायचं. तुमचं सगळं फोनवरच बघितलं, तसं.

काय करू, सांगा की!

अण्णा, तुम्हाला आठवतं? दर दसऱ्याला राजेसाहेब त्या खटारा जीपमधून उतरायचे. देवळापासून आपट्यापर्यंत तुम्ही त्यांच्या डोक्यावर ते तांबडं मखमली छत्र धरून चालायचात. मी बाजूने चालत तुम्हाला छळायचो. "राज्य नाय, सैन्य नाय, कसलो राजा ह्यो? आणि छत्र कित्याक? पाऊस तरी खंय आसा?" तुम्ही गप्प. मान वळवून बघायचासुद्धा नाहीत. घरी आल्यावर, हातपाय धुऊन, मग म्हणायचात, "छत्र धरतल्यान बोलाचा नसता." एवढंच? मला किती राग यायचा!

उत्तर तुम्ही एकदाच दिलंत. राजेसाहेब आजारी म्हणून आले नाहीत त्या वर्षी. आपट्याला पहिला हात कोणी लावायचा, यावरून वरची वाडी आणि खालची वाडी समोरासमोर आली. मानाचे नारळ एकमेकांच्या अंगावर! बबनकाकाचं कपाळ फुटलं, पोलिसांची गाडी आली, आणि त्या वर्षी सोनं कोणी लुटलंच नाही. ओटीवर बसून तुम्ही म्हणालात, "बगलंस? तो थंय पयलो उबो रवता, म्हणान दुसरो कोण पयलो होणा नाय. तेवडोच त्येचो उपयोग."

मी म्हटलं, "मग एक दगड उभो करा. त्येका खोकलो तरी येणा नाय."

तुम्ही म्हणालात, "दगड कोणाच्या दारात येता काय रे, मयताक?"

तेव्हा मी हसलो होतो.

तुम्ही गेलात तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामाला गेलेला. शाजी आणि मी या गादीवर बसून फोनच्या काचेत सगळं पाहिलं. पाऊस कोसळत होता. लोकांच्या मागे, सगळ्यात शेवटी, राजेसाहेब अनवाणी चालत होते, भिजून चिंब. कोणीतरी छत्री पुढे केली, त्यांनी हाताने बाजूला सारली. त्यांच्या डोक्यावर धरणारा माणूस पुढे तिरडीवर होता ना!

त्या दिवसापासून मला राजावर बोलताना पहिल्यासारखा जोर येत नाही. पण पटलंय असंही नाही.

माझं इथलं काम माहितीये ना? बोर्ड आणि बॅनर लावायचे. राष्ट्रीय दिवस जवळ आला की राजाचे मोठमोठे फोटो. गेल्या खेपेला इथल्या रिफा शहरात एका मॉलवर दोरी धरून होतो. वारा असा, की हात खांद्यातून निघतात की काय! खालून शाजी ओरडतोय, "सीधा पकड! यल्ला, जल्दी!" तेव्हा तुमची आठवण आली. बापाने एका राजावर छत्र धरलं, पोरगा दुसऱ्याचा फोटो धरतोय. इथल्या राजाची मी प्रजा नाही, आणि माझ्या राजाला राज्य नाही. मग माझे हात कोणासाठी दुखतात हो?

शाजी म्हणतो, "हमारे उधर हर गली में दो पार्टी, दो झंडे, रोज सिर फूटता है. ऊपर एक राजा बैठा हो तो झगड़ा किस बात का?" मी म्हणतो, आणि राजा वाईट निघाला तर? त्याला कोणी निवडलेला नसतो, मग काढायचा कसा? शाजी विचार करतो, आणि म्हणतो, "खलास. चाय पी."

सकाळी मी राजेसाहेबांनाच विचारलं. तुम्ही असता तर कानाखाली वाजवली असती. म्हटलं, "साहेब, रागवू नका, पण ह्याचा आता उपयोग काय?"

ते म्हणाले, "मलाही कंटाळा येतो रे. गुडघे दुखतात. पण मी गेलो नाही की काय होतं, ते पाहिलंयस ना? मीही मानकरीच. फक्त तुझ्या वडिलांचे हात दुखायचे आणि माझे पाय." मग हळूच म्हणाले, "माझा मुलगा कॅनडाहून येणार नाही. तसं कळवलंय त्याने."

अण्णा, म्हणजे त्यांच्यानंतर कोणी नाही! मग पुन्हा नारळ आणि पुन्हा कपाळं? एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर आपण अख्ख्या गावाची शांतता ठेवली, हे शहाणपण झालं का? तुम्हाला कधी भीती नाही वाटली?

आये रोज विचारते, "येतलस मा?" मी आजवर बघू म्हणायचो.

तर ऐका. उद्या सुट्टी सांगतो. ताईची समजूत काढतो, ती रडेल, पण तिला कळेल. येईन. छत्र धरीन. देवळापासून आपट्यापर्यंत एक शब्द बोलणार नाही, कोणी चिडवलं तरी नाही, तुमची शपथ. राजेसाहेबांनी पहिला हात लावला, गावाने सोनं लुटलं, छत्र मिटून मखरात ठेवलं, की मग मात्र दोन्ही वाड्यांना बसवून बोलेन. हा म्हातारा उभा आहे तोवरच ठरवा, त्याच्यानंतर पहिला हात एक वर्ष वरच्या वाडीचा, एक वर्ष खालच्या. त्याच्यासमोर ठरवा, म्हणजे कोणाला नाही म्हणता येणार नाही.

तेवढा एक उपयोग त्यांचा अजून शिल्लक आहे.

रागावू नका. छत्र तेव्हा माझ्या हातात नसेल.

तुमचा बडबड्या,
दिगू