जिनातला जिन

बाबा, जिनिंगमधला ‘जीन’ हा शब्द कुठून आला, ते काल मला कळलं. जैनथहून येताना तुम्ही जिथे राबलात त्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापाशी बस अडकली. कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. घरी येऊन चप्पल काढली आणि आधी मोठा शब्दकोश उघडला.

तुम्ही तो शब्द विचारलात तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. डबा घेऊन येते, तुम्ही यंत्रात कापूस टाकताय, भुवयांवर रुई बसलेली आहे. मला पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारता, “बाई, तू इंग्रजी शिकून राह्यली, सांग बरं, याले जीन काऊन म्हनतेत? आमी त म्हनतो, आत जिन बसला हाये. दिसभर कापूस खाते अन् सरकी थुकते.” तुमच्या जोडीचे काका म्हणतात, “सांग व माय, नाई त तुहा बाप उद्या मशीनले नारळ फोडन.” मी म्हणाले, “भूत-बीत काही नसतं. चारचौघांत अडाण्यासारखं बोलू नका.” सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि डबा सोडायला बसलात. त्यानंतर तुम्ही मला एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा शेजाऱ्याकडून वाचून घेतलीत.

तर ऐका. जीन म्हणजे ‘इंजिन’चा उरलेला तुकडा, सुरुवातीचं ‘इं’ बोलता बोलता गळालं. इंजिन आलं जुन्या फ्रेंचमधून, तिथे त्याचा अर्थ हिकमत, आणि यंत्रही. त्याच्या आधी लॅटिनमध्ये ‘इंगेनिअम’, म्हणजे उपजत अक्कल. त्यातला ‘गेन’ आणि आपल्या ‘जन्मा’तला ‘जन्’ एकाच मुळाचे. तुमचा जिन मात्र अरबी, त्याचं कूळ वेगळं. म्हणजे उत्तर चूकच होतं. चुकीला मी बरोबर म्हणणार नाही. पण त्याच लॅटिन मुळाचा आणखी एक शब्द आहे, ‘जीनिअस’: जन्मापासून माणसाला राखणारा अदृश्य देव. अरबी गोष्टी फ्रेंचमध्ये नेणाऱ्यांना जिनासाठी शब्द हवा होता, तेव्हा त्यांनी याच शब्दाचं फ्रेंच रूप उचललं. त्या पंडितांनी या मुळाशी जिनाची जी जोडी लावली, ती तुम्ही रुईच्या धुळीत उभ्या उभ्या लावली होती.

पुढे मी आयुष्यभर वर्गात इंग्रजी शिकवलं. मुलींनी अवघड काही विचारलं की सांगायचे, “उद्या पाहून सांगते.” त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. तुम्हाला तेवढंही म्हणाले नाही. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते: त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं, बाबा.