श्रेयाच्या लग्नाची कॅसेट आणि हनीफचाचांची भट्टी

छावणी, छत्रपती संभाजीनगर
बुधवार

तीर्थस्वरूप कडुबामामांच्या पायांवर भाचा अभय याचं डोकं. (पत्र वाचून होईपर्यंत कृपा करून पाय हलवू नयेत.)

इकडं रूपाली आणि मी बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? आडतीवरचा मका परवाच्या पावसात भिजला म्हणून ऐकलं, फार वाईट वाटलं. लासूर स्टेशन गावातल्या समस्त थोरामोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद. फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुम्ही मामींना विचारालच, म्हणून सांगतो. फोनवर नको ते ऐकलं की तुम्ही पहिल्या वाक्याला शिवी घालता आणि दुसऱ्या वाक्याला फोन ठेवता. पत्राला कितीही शिव्या घातल्या तरी ते आपलं म्हणणं पूर्ण करतं.

विषय अर्थातच श्रेयाच्या लग्नाच्या व्हिडिओचा. (तुम्ही तिला कॅसेट म्हणता. मी समजावणं सोडून दिलंय. कॅसेट तर कॅसेट.) लग्नं शूट करणं हा माझा धंदा, आणि मामाच्या घरचं लग्न म्हणून श्रेयाच्या कॅसेटीत मी जीव ओतायचं ठरवलं होतं. हळदीपर्यंत काम झकास झालं. मग नवरदेवाच्या पारण्याचा, म्हणजे घोड्यावरच्या मिरवणुकीचा, सीन आला आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर जांभळे पट्टे उमटले. घोडा सरळ चाललाय आणि जावईबापूंचं वरचं निम्मं अंग मात्र वीतभर डावीकडं सरकलंय. रूपाली चहा घेऊन आली, बघून म्हणाली, इफेक्ट चांगला टाकलाय. मी चहा प्यायलो. बायको क्वचित कौतुक करते, तेव्हा माणसानं चौकशी करू नये.

पण दुसऱ्या दिवशी श्रेयाच्या मेंदीचे हात हिरवेगार झाले, मग मामींना तीन नाकं आली, आणि शेवटी स्क्रीन अमावस्येसारखी काळी. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर जोरात दाबलं की चित्र परत यायचं, सोडलं की जायचं. म्हणून रूपालीनं तिथं वरवंटा ठेवला. वरवंट्याच्या जोरावर मी तुमच्या व्याह्यांचं आगमन पूर्ण केलं, हे मुद्दाम नोंदवतो, म्हणजे मी प्रयत्नच केले नाहीत असं कुणी म्हणू नये. मग वरवंट्यालाही लॅपटॉप दाद देईना.

तेव्हा तो पिशवीत घालून पैठण गेटला मोईनभाईंकडं नेला. मोईनभाई लॅपटॉपचे डॉक्टर. स्वभावानं मात्र असे, की पेशंट मेला तरी नातेवाइकांना हसवूनच पाठवतील. त्यांनी झाकण उघडलं, आत फुंकर मारली (आतून आमच्या घरचा बराच केर निघाला, रूपालीचे केस धरून) आणि म्हणाले, "ग्राफिक की चिप जा रई मियाँ. चित्तर काढनेवाली चिप वोईच हय. तुम्हारा डाटा एकदम सेफ हय, घबराव नक्को. नवी चिप मुंबई से मंगाता, आठ-दस दिन रुको."

मामा, इथं मी रुकलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण रोज सकाळी तुमचा फोन. "कॅसेट झाली का?" संध्याकाळी पुन्हा. "झाली का रे? का नुसताच फिरतोय कॅमेरा गळ्यात घालून?" एकदा तर मी आंघोळीला होतो, तर तुम्ही रूपालीला म्हणालात, त्याला म्हणावं, आंघोळ नंतर कर. आठ-दस दिवस हे कोण सोसणार? मी लॅपटॉप परत घरी आणला आणि इंटरनेटवर उपाय शोधायला बसलो. तिथं एक गोरा पोरगा सापडला. त्यानं लॅपटॉपची पाटी, म्हणजे ज्यावर सगळ्या चिपा बसवलेल्या असतात ती, बाहेर काढली, ओव्हनमध्ये भाजली, थंड केली, परत बसवली आणि मशीन सुरू! चिपेखालचं सैल झालेलं कथील उष्णतेनं पुन्हा धरतं, असं त्याचं म्हणणं. बोलताना तो इतका हसतमुख होता, की त्याला घरदार आहे की नाही हे विचारायचं मला सुचलंच नाही.

आमच्याकडं ओव्हन नाही. इडलीपात्राचा विचार झाला, पण त्यात वाफ असते. रूपालीनं एकच प्रश्न विचारला, "शूटिंग कुठं असतंय यात?" मी म्हणलो, वेगळ्या डिस्कमध्ये. हे खरं होतं. ती डिस्क नेमकी कुठं असते, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. (पूर्वी ती चांगली डबीएवढी असायची, आंधळ्यालाही दिसायची.)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी हनीफचाचांची बेकरी आहे. तुम्ही आलात की ज्यांची नानखटाई मामींना न सांगता खाता, तेच. मी ती पाटी रुमालात गुंडाळून त्यांच्यासमोर ठेवली. चाचांनी चष्मा लावला, पाटी उलटीपालटी केली, वास घेतला आणि विचारलं, "इसमें मैदा कित्ता हय?" मग त्यांनी सरळ नकार दिला. भट्टी खाण्याच्या जिनसांची आहे, कचरा जाळायची नाही. मी त्यांना श्रेयाचं लग्न सांगितलं. मग तुमचं सांगितलं, तुमचे फोन सांगितले. तुमच्या फोनांचं ऐकून मात्र ते विरघळले. पडक्या भिंतीकडं एक जुनी छोटी भट्टी होती, ती पेटवायला तयार झाले. म्हणाले, "ट्रे तुम्हारा, भट्टी हमारी, नसीब अल्ला का."

आता गोऱ्या पोरानं सांगितलेलं तापमान चाचांच्या भट्टीला कळत नाही. चाचा आत हात धरून सांगतात, हा टोस्टचा कडक ताव, हा नानखटाईचा मंद. आम्ही विचार करून नानखटाईचा ताव धरला. पाटी आत गेली. मी मोबाइलवर घड्याळ लावून बसलो. आणि मामा, नेमका त्याच मोबाइलवर तुमचा फोन आला.

"कॅसेट झाली का?"

"भट्टीत आहे मामा," मी म्हणलो.

"शाब्बास! असं नेटानं काम करावं माणसानं," तुम्ही म्हणालात, आणि मग मक्यावर आलात. मक्यावरून मापाड्यावर, मापाड्यावरून व्याह्यांवर. व्याही सर्जेराव हा माणूस कसा आतल्या गाठीचा आहे, हे तुम्ही मला इतकं तपशिलात सांगितलं, की घड्याळ कधी वाजून गेलं ते समजलंच नाही. मध्येच फोन ठेवण्याची माझी टाप नव्हती. म्हणजे शांत डोक्यानं बघितलं तर या प्रकरणात निम्मा वाटा तुमचा आहे. (शांत डोक्यानं बघावं, ही विनंती.)

वास आला तेव्हा चाचा धावले. पाटी बाहेर आली ती कडेनं उडदाच्या पापडासारखी वळून. पांढऱ्या प्लास्टिकच्या खोबणी वितळून खाली लोंबत होत्या. चाचा चष्मा लावून हळूच म्हणाले, "टोस्ट का ताव हो गया."

तशीच पाटी घेऊन मोईनभाईंकडं गेलो. त्यांनी ती चिमट्यानं उचलली, उजेडात धरली. "ये किसने पकाया?" मग त्यांनी पाटीवरून च्युइंगगमच्या पट्टीएवढं काहीतरी उपटून टेबलावर ठेवलं. वरचा कागद खरपूस तपकिरी झालेला. हीच ती डिस्क. आजकाल ती पाटीवरच खोचलेली असते. "कल तक डाटा सेफ था," ते म्हणाले, आणि शेजारच्या दोन दुकानदारांना बघायला बोलावलं. तिघं मिळून इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. नंतर मोईनभाईंनी मनापासून सगळे उपाय केले, दुसऱ्या मशीनला लावून बघितलं, ओळखीच्या माणसाकडंही पाठवून बघितलं. काही निघालं नाही. कॅमेऱ्यातली कार्डं मी पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसली होती.

घरी येऊन मी जेवलो नाही. रूपालीनं वरवंटा उचलून परत पाट्यावर ठेवला, यावरून परिस्थिती ओळखावी. मामींना हे पत्र तुम्ही वाचून दाखवाल तेव्हा त्यांना आधी बसवावं, आणि तुम्ही उभे असाल तर तुम्हीही बसावं.

आपला, अजून तरी भाचा,
अभय

ता. क. – पाहुण्यांच्या मोबाइलांत काही मिळतं का म्हणून सगळ्यांकडं मागितलं. आजवर जमा झालेलं असं: जिलबी, जिलबी जवळून, खुर्चीवर झोपलेलं कुणाचं तरी पोरगं, आणि चप्पल शोधणाऱ्या मामी. यावर लग्न झालं असं कोर्टसुद्धा मानणार नाही.

आणखी ता. क. – म्हणून विनंती अशी, की येत्या रविवारी तुमच्या अंगणात लग्न परत लावावं. कॅमेरा मित्राकडून आणतोय. भटजींना विचारलं. नवरानवरी तीच असतील तर शास्त्राची काही हरकत नाही म्हणाले. जावईबापूंची शेरवानी मागून उसवली आहे, पण मी समोरूनच शूटिंग घेईन. सर्जेरावांना भीत भीत फोन केला, तर ते "व्हय, येतो की" म्हणाले. आतली गाठ मला तरी दिसली नाही.

शेवटचं ता. क. – श्रेयाला सगळ्यात आधी मीच सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "अभयदादा, जळलं ते बरं झालं. अक्षता पडताना मी सारखी बघत होते, आण्णा कुठं दिसतात का. त्या कॅसेटीत आण्णा नव्हतेच." खरंच नव्हता तुम्ही, मामा. सर्जेरावांच्या माणसांनी तुम्हाला व्याह्याच्या मानाचा भगवा फेटा सोडून साध्या पाहुण्यांचा गुलाबी बांधला, म्हणून तुम्ही रुसून बाहेर जीपमध्ये काचा वर करून बसला होता, आणि आत पोरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या. (पंगतीला मात्र वेळेवर आलात.) रविवारी भगवा फेटा सर्जेराव घेऊन येणार आहेत, स्वतःच्या हातानं बांधणार आहेत. रंगाची खात्री मी करून घेतली आहे. तुम्ही फक्त श्रेयाच्या मागं, मामींच्या उजव्या हाताला उभं राहायचं. आणि जीपची चावी सकाळीच मामींकडं देऊन टाकायची.