बाबांची ऐरण आणि माझी वाकडी सळई

प्रिय क्लिफर्डदादास थॉर्नबेकहून धाकट्या मेव्हिसचा नमस्कार आणि तुझ्या नव्या गुडघ्याला आशीर्वाद. (तो माझ्याहून लहान आहे, म्हणून.) हॉस्पिटलातला चहा पचतोय ना? नर्सबायांना पिडू नकोस. इकडे मेंढ्या, पाऊस आणि मी, सगळे ठीक.

बाबांची ऐरण तू त्या पबवाल्याला शोभेसाठी द्यायची ठरवलीस, हे वाचलं. (नाहीतरी तुझ्या बागेत तिच्यावर डोरीनवहिनीच्या कुंड्याच असतात म्हणे.) दे बापडा. मोठा तू, मी कोण बोलणार? मी आपली वेगळीच गंमत सांगायला बसले आहे. मी लोहारकाम शिकायला जाते! हसू नकोस, टाके तुटतील.

दर शनिवारी एका जुन्या गोठ्यात वर्ग भरतो. शिकवते ती जोडी नावाची, दंडावर ड्रॅगन गोंदवलेली पोरगी, आणि माझ्या भट्टीवर सोबतीला एक दातांचा डॉक्टर. शेकोटी ढोसायची सळई करायची होती. लोखंड पिवळं झालं की बाहेर काढायचं, एवढंच. पण मी डॉक्टरला माझी दाढ दाखवत बसले आणि भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या. "अहो आजी, लोखंड जाळलंत की!" जोडी ओरडली. लोखंड जळतं, दादा! लोहाराच्या मुलीला हे म्हातारपणी कळलं. आधी कळणार कुठून? "फ्रॉक पेटेल, चल पळ," म्हणून बाबांनी मला कधी भट्टीच्या उंबऱ्याच्या आत घेतलं का? आणि तुला हाताला धरून न्यायचे, तर तू मागच्या खिडकीतून ओढ्यावर पसार. मग दुसरी सळई वाकडी झाली, आणि काळी पडली म्हणजे गार झाली असं समजून मी ती उचलली. हाताला फोड आला आणि तोंडातून बाबांची ती ठेवणीतली शिवी बाहेर पडली. (डॉक्टरने ती लिहून मागितली.)

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. बाबा लोखंडावर घाव घालता घालता मध्येच हातोडा नुसत्या ऐरणीवर टणटण वाजवायचे, आठवतं? आपण म्हणायचो, बाबा चिडले, आज घरात गुपचूप बसा. जोडीही तसंच वाजवते. मी विचारलं, "कशावर चिडलीस गं?" ती म्हणाली, "चिडत्येय कुठे? पुढचा घाव कुठे घालायचा ते बघत्येय. तोवर हात थांबू द्यायचा नाही." दादा, म्हणजे बाबा विचार करत असायचे रे! आपण उगीच इतकी वर्षं घाबरलो. मला तिथेच रडू आलं. धूर गेला डोळ्यात, म्हणून सांगितलं.

असो. गुडघ्याला जप.

तुझी,
मेव्हिस

ता. क. ऐरण पबवाल्याला देऊ नकोस. मला हवी आहे.

ता. ता. क. खरं म्हणजे ती मंगळवारीच इथे पोचली. वहिनीने भाच्याच्या ट्रकमधून पाठवली. (तिच्यावर रागावू नकोस, तुला सूप तीच पाजते.)

ता. ता. ता. क. काल बाबांच्या जुन्या भट्टीच्या खोपटात तिच्यावर पहिल्यांदा हातोडा वाजवला. पलीकडचा ईनॉक, जो या आवाजावरून बाबांशी जन्मभर भांडला, तो काठी टेकत कुंपणाशी आला. त्याला आता माणसं नीट ओळखू येत नाहीत. "आल्फ्रेड, लेका, दार लावून घे, कान किटले!" म्हणाला. मग तिथेच भिंतीवर बसून अंधार पडेपर्यंत ऐकत राहिला. मी दार उघडंच ठेवलं.